जाळी उतरवणारी कौसल्या

कौसे,

वाघ आला म्हणून मी एकदा सगळी भाऊकी गोळा केली आणि तो वाघ म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरातली धूर ओढायची चिमणी निघाली, ही गोष्ट तू होतीस तोवर मी कधी धड कबूल केली नाही. ‘आवाज तसाच होता’ म्हणून अडून बसले. आज कबूल करते. आवाज तसा अजिबात नव्हता.

तेव्हा मी नुकतीच साठी ओलांडलेली. आत्ताच्या मानाने तरुणच म्हणायची, आणि अक्कलही त्या बेताचीच. दिवेलागणीला मागच्या दारी वाळलेली कापडं काढत होते. उसाच्या अंगानं घुर्र्र असं आलं. थांबलं. पुन्हा आलं. आता आपल्या राजुरीत उसाजवळ काही हललं तरी माणूस आधी बिबट्याचंच नाव घेतो, आणि आपण तर बिबट्यालाही वाघच म्हणतो. मी तुझं धुतलेलं लुगडं मातीत टाकलं, हाताला घमेलं लागलं ते दगडानं बडवत सुटले. “वाघ! आरं धावा, गोठ्यामागं वाघ हाय!”

सगळे धावले. कुणी बॅटरी आणली, कुणी काठी, कुणी दिवाळीचे सादळलेले फटाके. शेजारचे दत्तूभाऊ उसाकडं कान करून उभे राहिले आणि डोळे मिटून म्हणाले, “आवाजावरनं मादी हाय. बच्चं असत्याल बरूबर.” मी मान हलवली. जशी काही मी त्या पिल्लांना दूध पाजूनच आले होते.

तेवढ्यात आवाज बंद पडला. मग सुरू झाला. परत बंद, परत सुरू. सगळ्यांच्या बॅटऱ्या उसावर आणि तू स्वयंपाकघराच्या खिडकीत, एक हात चिमणीच्या बटणावर, तोंड पुराण ऐकायला बसल्यासारखं गंभीर.

“पारू, बघ हां. आता वाघाला गप करती.” गप झाला. “आता बोलवती.” घुर्र्र.

भाऊकी खिदळायला लागली. दत्तूभाऊ तेवढे हलले नाहीत. म्हणाले, “मंजी मादीच म्हना की.”

तुझ्या माझ्यातल्या सगळ्या गोष्टी मला या चिमणीपाशी आठवायला लागल्यात, याचं मलाच नवल वाटतं. घरात गणपतीचं देवघर आहे, तुळस आहे, तुझा पलंग आहे. तिथं बसलं तर डोळ्यात पाणी येतं आणि डोकं चालत नाही. गॅसच्या वर लावलेल्या त्या स्टीलच्या खोक्याखाली उभी राहिले की उलट होतं. डोक्यात नुसते प्रश्न येतात.

चिमणी आली ती तुझ्या सुनेमुळं. मनीषानं शेव-चकलीच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आणि घरभर तळणाचा धूर कोंडायला लागला, तेव्हा तुझ्या विलासनं ती बसवून घेतली. धूर ओढायचा आणि पाइपातून मागच्या भिंतीबाहेर सोडायचा, एवढंच तिचं काम. बसवणाऱ्यानं बटणं दाखवली आणि तो गेला. पुढचं कुणी सांगितलं नाही, आणि आपण विचारलं नाही. बायका आपण, जन्मभर चुलीपुढं बसलेल्या. आपल्याला धुराचं काय शिकवायचं?

वाघाच्या प्रकरणानंतर विलासनं आळेफाट्याहून मेकॅनिक आणला. त्यानं खालच्या दोन जाळ्या काढून उजेडात धरल्या. आरपार काही दिसेना. मधाच्या पोळ्यासारखा पिवळा, चिकट थर.

“आजी, जाळी शेवटची कधी धुतली?”

आपण दोघींनी एकमेकींकडं बघितलं. “धुवायची असती व्हय?” दोघी एकदमच बोललो.

मग त्यानं कडेची लहानशी वाटी काढली. तिच्यात काळपट तेल काठोकाठ. “आणि ही कधी रिकामी केली?” त्या वाटीचा आपल्याला पत्ताच नव्हता. तेल साचून साचून आतल्या पंख्यावर बसलं होतं, पंखा जड होऊन डुगडुगत होता, आणि त्याचीच ती घुरघुर पाइपातून मागच्या दारी येत होती. तेल पेटलं असतं तर, असं काहीतरी तो म्हणाला. तू ऐकलंच नाहीस. वाटी नाकाशी धरून उभी होतीस.

“पारू, धुरात एवढं तेल असतं?”

मला तुझी ही एक गोष्ट फार आवडायची. लोक भितात तिथं तुला चौकशी सुचायची. त्या संध्याकाळी आपण ओट्यापाशी बसून तेवढंच बोलत राहिलो. धूर म्हणजे काहीतरी हलकं, वर जाऊन विरून जाणारं, असं आपल्याला वाटत आलेलं. तो कुठंतरी बसतो, साचतो, त्याचं वजन होतं, हे या वयात कळलं. मग चुलीचा धूर कुठं गेला असेल, मी विचारलं. जुन्या घराच्या वाशांवर तो काळा थर होता, हात लावला की बोटाला चिकटायचा, तो तोच ना? तू म्हणालीस, “आन आपल्या छातीत. छातीला कुणी वाटी लावली न्हवती म्हनून कळलं न्हाई.” आणि खोकल्यासारखं हसलीस.

चुलीवरून आठवलं. तू थोरली जाऊ, मी धाकटी, पण लग्नं एकाच मांडवात लागली. तू डिंगोऱ्याची, मी घोडेगावची. पहिल्याच सकाळी दोघींना चुलीपुढं बसवलं. मी माहेरी सगळ्यात हुशार म्हणून नावाजलेली. फुंकणी घेतली आणि एवढा जीव लावून फुंकलं की निम्मी राख उडून सासूबाईंच्या दुधात. त्या आल्या, दूध बघितलं. मी पाय बघत बसले. तू म्हणालीस, “मांजर गेलं चुलीवरनं.” घरात मांजर नव्हतं. सासूबाईंनाही ते माहीत होतं. त्यांनी एकदा तुझ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि दूध गाळून घेतलं. तेव्हापासून चारचौघांत मी तुला आक्का म्हणत आले, आणि दोघीच असलो की कौसे.

मेकॅनिक गेल्यावर चिमणीचं काम आपण आपल्याकडं घेतलं. दर आठवड्याला, मनीषाचं तळण उरकलं की. स्विच बंद करायचा, पिन काढायची, हे तुझं. स्टुलावर चढून जाळ्या उतरवायच्या, तेही तुझं. घासायचं माझं. वाळवून परत चढवायचं पुन्हा तुझं. जाळी घेताना तू दर वेळी म्हणायचीस, “वर बघू नको गं, डोळ्यात तेल पडंल.” आणि मी शहाण्या पोरीसारखी डोळे मिटून हात पसरून उभी राहायची.

घासण्यावरून मात्र आपण भांडलो. तुझं म्हणणं कढत पाणी, धुण्याचा सोडा आणि घटकाभर दम धरायचा. माझं म्हणणं आधी कोरडा गव्हाचा कोंडा चोळायचा. कोंडा तेल पितो, मग पाणी. माझ्या आईनं तुपाची भांडी अशीच घासली. तू म्हणायचीस, “तुझ्या आयच्या भांड्याला भोकं न्हवती. जाळीत कोंडा अडकतो त्यो काय तुझी आय काढाया येनार हाय?” मी म्हणायची, सोड्यानं हाताची सालं निघतात. तू म्हणायचीस, निघू दे, नवी येतात. हे एवढंच भांडण, पण दर आठवड्याला नवं. मनीषा आतून ओरडायची, “आत्या, काकी, आवाज भाइर येतुय!”

आणि ती वाटी. तिच्यातलं तेल फेकायला तू कधी तयार झाली नाहीस. फाटकाच्या बिजागऱ्यांना चोळायचीस. फाटक बिनआवाजाचं झालं खरं, पण त्याला शेवेचा वास लागला आणि गल्लीतली कुत्री येऊन बिजागऱ्या चाटत बसायची. विलास म्हणाला, आई, लोकांकडं कुत्री राखणीला असतात, आपल्याकडं फाटक खायला येतात. तू म्हणालीस, “येत्यात ना? मग झालं की.”

तू गेलीस तो दिवस मी लिहिणार नाही. सकाळी चहा ठेवायला उठली नाहीस, एवढंच. बाकीचं ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे.

सुतकात घरात कढई चढत नाही. जेवण भाऊकीतून यायचं, झाकलेल्या डब्यांतून, वरण-भात आणि बिनफोडणीची भाजी. स्वयंपाकघरात कुणी जायचं काम नव्हतं. मी मात्र जायची. पाणी प्यायला म्हणून जायची आणि तिथंच उभी राहायची. एवढं गप स्वयंपाकघर मी या घरात कधी ऐकलं नव्हतं. बाहेर वारा सुटला की पाइपाच्या तोंडाची झडप टपटप वाजायची आणि आतून तळलेल्या तेलाचा जुना वास खाली यायचा. मी पहिल्यांदा दचकले. वाटलं, कुणी कढई चढवली? मग उमगलं. तू जायच्या आदल्या दिवशी मनीषाची शेव तूच तळली होतीस. तिला बाजारात जायचं होतं. त्या शेवेची वाफ अजून जाळीत बसलेली होती, आणि वारा आला की तेवढीच खाली येत होती.

मला वाटलं, ही जाळी आता धुवायची नाही. मग माझं मलाच हसू आलं. लोक माणसाचा फोटो जपतात, चष्मा जपतात. मी काय तेलाचा थर जपू? पाहुण्यांना दाखवू, ही बघा आमच्या आक्कांची शेवटची शेव?

दहाव्याला माझी सुनीता मंचरहून आली. दोन दिवस राहिली, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, “आई, आता चल माझ्याकडं. इथं आता तुझं कोण आहे?” वाईट बोलली नाही ती. लेकीला बोलायलाच हवं असं बोलली. पण मी त्यावर अडले. खरंच, कोण आहे? मला लेक एकच, आपल्या दोघींचे नवरे केव्हाच गेलेले. घर विलासचं, स्वयंपाकघर मनीषाचं. इतकी वर्षं मी इथं कुणाची म्हणून राहते हे मला कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. मी कौसाची जाऊ होते, संपलं. आता तूच नाहीस तर तुझ्या जावेनं कुठं उभं राहायचं?

विलास काही बोलला नाही. तो तसाही बोलत नाही, तुला माहीत आहे. मनीषा माणसांच्या चहापाण्यात, निरोपात, रडणाऱ्यांना सांभाळण्यात. ती राहा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तिच्या मनात काय आहे याचा मी दोन बाजूंनी अंदाज घेतला. तिच्या भांडी ठेवण्याच्या आवाजावरून घेतला, चहात साखर किती पडते यावरून घेतला. काही कळेना. दत्तूभाऊंना उसातली मादी कळते, मला घरातली सून कळेना.

शेवटी म्हटलं, विचारण्यापेक्षा आपणच जावं. तिनं नको म्हणायची वेळ कशाला आणायची? दोन लुगडी, औषधं, चष्म्याचा डबा, पिशवी भरून पलंगाखाली सरकवली. सुनीताला सांगितलं, तेरावा झाला की येते.

पण तेराव्याला गोड करायचं, कढई चढणार, वडे-पुऱ्या तळल्या जाणार. आणि जाळी तशीच. माझ्या मनाला ते पटेना. जाता जाता काळी जाळी ठेवून गेले असं नको. म्हणून काल दुपारी मनीषा दळण आणायला गेली तेव्हा मी स्विच बंद केला, पिन काढली आणि स्टुलावर चढले. आयुष्यात पहिल्यांदा.

कौसे, मी तुला काय समजत होते! मला वाटायचं, हात वर करायचा, जाळी ओढायची. दर आठवड्याला डोळे मिटून मी खाली उभी, आणि वर काय चालायचं याची मला एकदाही चौकशी सुचली नाही. जाळीला मागं एक खटका आहे. तो बोटानं आत दाबायचा आणि त्याच वेळी जाळी खाली घ्यायची. हात डोक्याच्या बराच वर न्यावा लागतो. मी चाचपत होते आणि बोटाला काहीतरी मऊ लागलं. बघितलं तर खटक्याला परकराची नाडी बांधलेली. वेटोळं करून, घट्ट गाठ, तेलानं काळी झालेली. तिचं एक टोक खाली लोंबत होतं, बरोबर खांद्याच्या उंचीला येईल एवढं. ओढून बघितलं. खटका सुटला, जाळी हातात आली.

मी स्टुलावरच उभी राहिले. नाडी कशाला? मी तुझ्यापेक्षा बुटकी, माझा हात पोहोचतो. तुझा तर पोहोचायलाच हवा.

मग एकेक आठवायला लागलं. दिवाळीला तू आकाशकंदील विलासकडून लावून घेतलास. केस विंचरायला मनीषाला बसवायला लागलीस, मी म्हटलं, थोरल्या आजीचे लाड वाढले. दोरीवर कापडं टाकताना तू एकाच हातानं फेकायचीस, मी म्हटलं, जत्रेत नारळ फेकल्यासारखं काय करतेस. तुझा उजवा हात वर जात नव्हता. कधीपासून, देव जाणे. आणि ‘वर बघू नको’ ते तेलासाठी नव्हतं.

मला राग आला. खरं सांगते, रडू नाही, राग आला. मला सांगता आलं नसतं? जाळी मी उतरवली असती. आणि मग विचार केला, सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? महिनाभर तुला लंगडी कोंबडी म्हणून चिडवलं असतं. भाऊकीत वाजवलं असतं. तुझ्यापुढं कुठलीच गोष्ट मी चेष्टेशिवाय घेतली नाही. वाघाची चेष्टा तू केलीस ती एकदा; मी तुझी जन्मभर केली. त्यातली एकच वेळ तुला नको होती बहुतेक, आणि तू नाडी बांधलीस. हुशार नाडी. मेकॅनिकलासुद्धा सुचली नसती.

एक मात्र मला अजून कळत नाही आणि ते विचारायला तू पाहिजे होतीस. पहिल्यांदा तिथवर हात नेऊन ती नाडी बांधायचं तू कसं जमवलंस? डाव्या हातानं? एकटीनं? गाठ डावखुरी आहे का हे मी निरखून बघितलं. काही समजलं नाही.

जाळी मागच्या दारी घेऊन आले. म्हटलं, आता भांडण मिटवूनच टाकू. अर्ध्या जाळीला माझा कोंडा चोळला, अर्धी तुझ्या पद्धतीनं सोड्याच्या कढत पाण्यात कलती धरली. जुन्या टूथब्रशनं दोन्हीकडं सारखं घासलं, लबाडी केली नाही. थोडीशी केली असेल कोंड्याच्या बाजूला. मग उन्हात धरली. तुझी बाजू आरशासारखी. माझ्या बाजूला भोकाभोकात कोंडा. ऐकलंस? तुझं खरं होतं. मोठ्यानं म्हणाले मी तसं, मागच्या दारी, फाटकापाशी. फाटकाशी एक कुत्रं होतं, त्यानं ऐकलं. पुन्हा म्हणणार नाही.

तो थर धुवून गेला तेव्हा पाणी पिवळं झालं आणि वास आला. मी तेवढ्यापुरती थांबले. मग ओतून दिलं. तुझ्या शेवेत ओवा नेहमी जास्त पडायचा, तेही बोलायचं राहिलं होतं.

दुसऱ्या जाळीसाठी परत स्टुलावर चढले. तिच्या खटक्यालाही नाडी होतीच, तीही ओढली. जाळी सुटली तेव्हा दारात मनीषा. डोक्यावर दळणाचा डबा, केसांवर पीठ. ती किती वेळ उभी होती माहीत नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, नाडीकडं बघितलं, ओट्याकडं. मग नजर पुढच्या खोलीत गेली. झाडताना कुणीतरी पलंगाखालची पिशवी बाहेर ओढून ठेवली होती.

मी म्हटलं, “तेराव्याचं तळण हाय ना, म्हनून म्हटलं जाळी साफ करून ठेवावी. मग तुझी तू बघशीलच.”

तिनं डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि स्टुलाला हात लावून उभी राहिली, मी पडू नये म्हणून. मला वाटलं आता ती म्हणेल, बरं झालं काकी, पोहोचल्यावर फोन करा. मी तेवढ्याची तयारी केली होती. चेहराही तयार ठेवला होता, हसरा.

मनीषा म्हणाली, “काकी, पिशवी भरली ती कुनाला इचारून भरली? आत्या असत्या तर भरली असती का? मला न्हाई इचारायचं, व्हय, मी काय घरात पावनी हाय? सुनीताताईस्नी मी सांगती काय ते. तुमी आधी खाली उतरा, आन ती जाळी हिकडं द्या.”